चढण

पौडच्या वर मुळेला एक ओढा मिळतो.
त्यावरचा बंधारा माझा.
म्हणजे सरकारचा. पण चौऱ्याहत्तर साली
नवा ओव्हरसियर म्हणून ओळंबा मी धरला होता,
आणि पाणी पहिल्यांदा अडलं त्या संध्याकाळी
पुण्याला आईला पोस्टकार्ड टाकलं होतं:
थांबलं.

नकाशा अजून आहे माझ्याकडं, कापडावर डकवलेला.
पाया, माथा, सांडवा, गाळाचं दार,
पूररेषा लाल शाईत.
मासा कुठंच नाही.
कोणी विचारला नव्हता, मी काढला नव्हता.

आता केतकी सुपेकर येते कोथरूडहून, स्कूटरवर,
पाठीला जाळं, वही, गमबूट.
तिच्या अर्जात शब्द आहे मत्स्यसोपान.
तो चिंधाबाई मल्लावांना समजावला
तर त्या तंबाखू मळायच्या थांबल्या.
"शिडी? आन् पाय कुठंत त्याला?"

मग त्याच बोलल्या, पाण्याकडं बघत.
चढणीच्या दिवसांत इथं रात्रभर
ओलं धुणं आपटल्यासारखा आवाज यायचा.
खडस. हातभर लांब, पितळी खवल्यांचा.
भिंत झाली त्या साली
तिच्या पायाशी धडका देत राहिला, तीन रात्री.
"आमी टोपल्यांनी भरला. लई खाल्ला, इकला.
माझ्या दिराचं लगीन झालं त्यात.
पुढल्या साली टोपली रिकामी.
त्याच्या पुढल्या सालीबी."

पोस्टकार्ड तेव्हा दोन दिवसांत पोचायचं.
म्हणजे आईनं 'थांबलं' वाचलं
तेव्हा तिसरी रात्र बाकी होती.

पायरी किती उंच, यावर आठवडा गेला.
केतकीच्या पुस्तकात सामन नावाचा परदेशी मासा होता,
समुद्रातून येतो, पुरुषभर झेप घेतो म्हणे.
आपला अंग घासत, दम खात येणारा.
चिंधाबाईंनी अंगठा नि करंगळी ताणली.
"एवढी. आन् मधी बसाया जागा ठेवा.
म्हातारी मान्संबी जिना येका दमात चढत न्हाईत."
मी अंदाजपत्रकात लिहिलं: उंची, एक वीत.
वरच्या ऑफिसातून कागद परत आला:
एकक मान्य नाही.

साईबाण्णा धोत्रे सांडव्याची कड फोडत होता.
"कुणी बांधलंय हो हे? दोन छिन्न्या गेल्या."
मी सांगितलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.
त्यानं आपला अर्धा चहा
माझ्या बशीत ओतला.

सतरा कुंडं झाली. नववं जरा तिरकं.
आषाढात पाणी त्यांतून उतरू लागलं,
आणि पाण्याबरोबर, वरून,
एका पायाची चप्पल, पुड्या,
रिसॉर्टच्या नावाची बाटली, झाकणासकट.
खालून कोणी नाही.

अकराव्या रात्री, बॅटरीच्या उजेडात, मुऱ्या.
बोटाएवढ्या. आमच्या कुंडांकडं पाठ करून
त्या बाजूच्या भिंतीनं चढत होत्या,
जिथं साईबाण्णानं एक दरज भरायची सोडली होती
आणि मी त्याला चार लोकांत बोललो होतो.
ओल्या दगडाला पोट चिकटवून,
दोन इंच वर, इंचभर खाली.
केतकी मोजत होती, ओठ हलवत.
चिंधाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

वहीत रकाने: जात, संख्या, वेळ.
मुरी, एकेचाळीस.
खडस,
तिथं ती शून्य काढणार होती.
पेन मी घेतलं. आडवी रेघ मारली,
बांधकामावर पाणीपातळीची मारतात तशी,
आणि बॅटरी विझवली,
आवाज आलाच
तर ऐकू यावा म्हणून.